डबा खरा, ऑइल खोटं

घरी गाडीचं इंजिन ऑइल बदलणारा माणूस गॅरेजवाल्याच्या हातचलाखीतून सुटतो, पण दुकानाच्या काउंटरवर सापडतो. बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका गृहस्थांचं असंच झालं. ०डब्ल्यू-२० (थंडीतही पातळ राहणाऱ्या प्रकारच्या) ऑइलचा साडेतीन लिटरचा डबा आणि ऑइल गाळणारा फिल्टर त्यांना छापील किमतीच्या मानाने फारच स्वस्तात मिळाले. दुकानदाराचं म्हणणं, "ओरिजिनल ज छे, काका, सीधो रिफायनरीमांथी." कोयलीची रिफायनरी १९६५ पासून गावाच्या उशाला, त्यामुळे हे वाक्य बडोद्यात चटकन पटतं. डब्यावर नाव मात्र रिफायनरीवाल्या कंपनीचं नव्हे, भलत्याच कंपनीचं होतं.

पंधरा दिवस गाडी ठीक चालली. मग सकाळी पहिल्यांदा सुरू करताना खडखड होऊ लागली आणि ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंद उशिरा विझू लागला. तक्रार नेली तर ठरलेलं उत्तर मिळालं: "तुम्ही बसवताना चूक केली असणार."

ही पळवाट आधीच बंद करावी. ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या इंजिनखालच्या बोल्टचा) वॉशर दर वेळी नवा घालावा आणि प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळावा (अनेक लहान पेट्रोल गाड्यांत तो ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो). जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावं. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर ऑइल धो धो गळतं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावून फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवायचा, मग साधारण पाऊण फेरा. पाना नको. इंजिन मिनिटभर चालवून, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहायची.

या गृहस्थांनी हे सगळं केलं होतं. फिल्टर कापल्यावर दोष दिसला. इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू न देणारी रबरी झडप प्लॅस्टिकसारखी कडक होती. रात्रभरात फिल्टर रिकामा होई, म्हणून सकाळी खडखड. आतल्या कागदाच्या घड्याही मोजक्याच आणि विरळ होत्या. दुकानात फिल्टर कापून बघता येत नाही, पण कडेच्या छोट्या भोकांतून काडीने हलकेच दाबून ती झडप मऊ लागते का, हे पाहता येतं.

ऑइलचं प्रकरण जास्त बेरकी. गॅरेजांतून गोळा केलेलं जळकं ऑइल मातीतून गाळलं की काळेपणा जातो, रंग छान सोनेरी होतो. त्यात झीज रोखणारी आणि घाण धरून ठेवणारी रसायनं मात्र उरलेली नसतात. ते भरायला डबा खऱ्या कंपनीचाच वापरतात, भंगारातून आलेला. म्हणून रंगावर आणि लेबलवर विसंबू नये.

डबा उलटा करा. बऱ्याच डब्यांच्या बुडाशी साच्यात उमटलेलं बाण असलेलं छोटं वर्तुळ असतं, ते डबा तयार झाल्याचा महिना-वर्ष सांगतं. डबा तीन वर्षांपूर्वीचा आणि पॅकिंग गेल्या महिन्याचं, तर तो डबा आधी एकदा रिकामा झालेला असण्याची शंका घ्यावी. झाकणाखालची चंदेरी चकती सगळीकडून सारखी चिकटलेली हवी. सुरकुत्या किंवा गोंदाचा ओघळ दिसला तर परत करा. वजनही करावं: साडेतीन लिटर ऑइल सुमारे ३ किलो भरतं, डब्याचं वजन वेगळं.

शंका उरलीच तर ५० मिलीलिटर ऑइल बाटलीत घालून चार-पाच तास फ्रीझरमध्ये ठेवा (बाटलीवर ठळक लिहा, घरात मुलं असतात). उणे १८ अंशांना खरं ०डब्ल्यू-२० सहज वाहतं. जाडं खनिज ऑइल त्या नावाने विकलं असेल तर ते काकवीसारखं संथ उतरतं. पण पातळ बनावट ऑइल या परीक्षेतून निसटतं, तेव्हा ही एकटीच पुरेशी धरू नका.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून मागा. दुकानदार लिहायला कुरकुरला तर तिथूनच फिरा. फसल्यावर उरलेलं ऑइल डब्यासकट जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवा.

काम झाल्यावर आपला रिकामा डबा भंगारवाल्याला अखंड देऊ नका. लेबल फाडा, बुडाला खिळ्याने दोन भोकं पाडा, झाकण वेगळं टाका. काढलेलं काळं ऑइल दुसऱ्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे जातं अशा गॅरेजातच द्या. गटारात तर नाहीच.