सैल कवळी: पावडर, रिलाइनिंग, नवी कवळी की स्क्रू?

घरातली वडीलधारी माणसं कवळी सैल झाल्याचं सहसा सांगत नाहीत, ते त्यांच्या ताटावरून कळतं. भाकरी रश्श्यात कुस्करल्याशिवाय खात नाहीत, मटण बाजूला सारून नुसता पांढरा रस्सा पितात, भडंग पुढं केलं तर नको म्हणतात, कारण शेंगदाण्याचा कण कवळीखाली गेला की कळ मस्तकात जाते. ‘वयच झालं, चालायचंच’ म्हणून हे सोडून देऊ नका. यावर उपाय आहेत, फक्त कोणता कुणासाठी हे नीट ठरवायला हवं.

दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं. पहिल्या वर्षात सर्वात जास्त, पुढं सावकाश, पण आयुष्यभर. कवळी आहे तशीच राहते आणि तिच्याखालची जमीन खचते. खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजतो. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार असतो, लाळेच्या पातळ थरानं ती धरून राहते. खालच्या कवळीला जागा कमी आणि त्यात जीभ तिला सतत हलवते. म्हणून वरची आणि खालची, दोन्हींचा निर्णय वेगवेगळा घ्या. एक चांगली बसत असेल तर दोन्ही बदलायची गरज असेलच असं नाही, पण चावा जुळतो का, हे डॉक्टरांना बघू द्या.

औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटवायची पावडर किंवा क्रीम सगळ्यात स्वस्त आणि लगेच उपयोगी पडणारी. लग्नकार्य आहे, चारचौघांत बोलायचं आहे, डॉक्टरांची तारीख पुढची मिळाली आहे, अशा वेळी जरूर वापरा. पण गरम चहा-रश्श्यानं ती विरघळते. दर महिन्याला जास्त लागू लागली, तर माप बिघडलं आहे असंच समजा. जस्त असलेली क्रीम वर्षानुवर्षं भरपूर वापरल्यानं शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांना मुंग्या येणं, बधिरपणा असे त्रास झालेले आहेत. २०१० साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं अशी उत्पादनं बंद केली. मधुमेही माणसाला मुंग्या साखरेच्याच वाटतात आणि खरं कारण मागं राहतं. जस्त नसलेलीच घ्या. घरी फेविक्विक लावणं किंवा पॉलिश पेपरनं घासणं मात्र अजिबात नको.

खरी निवड बहुतेकांसाठी रिलाइनिंग की नवी कवळी, ही असते. रिलाइनिंग म्हणजे आहे त्याच कवळीला आतून नवा थर देऊन ती आजच्या हिरडीवर बसवणं. कवळी चार-पाच वर्षांच्या आतली असेल, दात शाबूत असतील आणि फक्त पकड गेली असेल, तर मी आधी हेच सुचवेन. क्लिनिकमध्ये बसल्या जागीही होतं, पण लॅबमधून केलेलं जास्त टिकतं. त्यासाठी एखादा दिवस कवळीविना काढावा लागतो, तेवढा काढावा.

दात झिजून सपाट झाले असतील, तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडं जात असेल, ओठांचे कोपरे चिरत असतील, तर रिलाइनिंगवर पैसे घालू नका. चाव्याची उंचीच गेलेली असते आणि ती नव्या कवळीशिवाय परत येत नाही. नव्या कवळीला चार-पाच फेऱ्या होतात. त्यातली मेणातली ट्रायल, म्हणजे मेणावर दात लावून तोंडात बसवून बघणं, सगळ्यात महत्त्वाची, तिला घरचं कुणीतरी सोबत हवंच. चेहरा कसा दिसतो, ‘स’, ‘फ’ नीट येतात का, हे तिथंच बघायचं. आणि जुनी कवळी टाकू नका. ऐंशीच्या घरातल्या आजींच्या जिभेला जुन्या आकाराची सवय असते. तो आकार डोळ्यांसमोर ठेवून नवी केली, तर ती लवकर रुळते.

दोन्हींत एक अट समान: हिरडी सुजलेली किंवा टाळू लाल असताना माप घेऊ देऊ नका. आधी हिरडी बरी होऊ द्या. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात नव्हे, ती वाकडी होते.

खालचा जबडा पार सपाट झाला असेल तर नवी कवळीही हलतेच. तिथं पुढच्या भागात दोन स्क्रू, म्हणजे इम्प्लांट बसवून कवळी त्यावर अडकवतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली तज्ज्ञांनी खालच्या दातरहित जबड्यासाठी हीच पहिली पसंती असावी असं मत मांडलं. खर्च कितीतरी जास्त, हाडानं स्क्रू धरायला साधारण तीन महिने आणि कवळीच्या आतल्या, स्क्रूला पकडणाऱ्या रिंगा अधूनमधून बदलाव्या लागतात. तरी परवडत असेल तर खालच्या जबड्यासाठी पैसा इथं लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. साखर आटोक्यात हवी, तंबाखू-मिश्री बंद हवी, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर आधी सांगायला हवं. सगळेच दात स्क्रूवर कायमचे बसवणं त्याहून महाग, शिवाय थरथरत्या हातांना साफ करायला अवघड.

कोल्हापूर शहरात प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कवळी आणि कृत्रिम दातांत एमडीएस केलेले डॉक्टर मिळतात. जिल्ह्यातच न्यू पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे. कॉलेजमध्ये खर्च सहसा कमी आणि फेऱ्या जास्त. गगनबावड्याहून आजोबांना दर वेळी आणणार कोण, हे आधी ठरवा.

कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, विशेषतः तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्यांना, तर आधी तो तपासून घ्या. कवळीचं काय ते त्यानंतर.