पंप बदलला म्हणून 11,600 घेतले, गेला होता फक्त रिले

टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचे 8,400, मजुरी 1,200, टोइंगचे 2,000. एकूण 11,600 रुपये मोजले आणि माझ्या 2006 च्या पेट्रोल गाडीत नवीन काहीही बसलं नाही. गेला होता तो रिले, म्हणजे पंपाला करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच.

सातारा-पुणे रस्त्यावर गाडी चालता चालता बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. टोवाल्याने त्याच्या ओळखीच्या गॅरेजला नेली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बॉनेट उघडताच "पंप गेला साहेब", मग आम्हाला चहाला पिटाळलं. परत आलो तर गाडी चालू आणि दाखवायला एक काळवंडलेला पंप. तो मागितला तर म्हणे कंपनीला परत द्यावा लागतो. काढलेला पार्ट हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका!

आणि मग हॉर्न. गाडी बाहेर काढताना तो वाजेना. टो करण्याआधी वाजत होता. "वायरिंग जुनं आहे, बघायचं तर 900 लागतील." तिथेच कळायला हवं होतं, हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पण रात्र झालेली, आई मागे बसलेली, तिच्या गोळ्यांची वेळ टळलेली. अशा वेळी कोण फ्यूज बॉक्स उघडून बसणार? हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घराजवळच्या इलेक्ट्रिशियनने हॉर्नसाठी फ्यूज बॉक्स उघडला. हॉर्नच्या जागी जळका रिले, आतले पॉइंट काळे. हॉर्नचा चांगला रिले पंपाच्या जागी. दोन्ही चार पायांचे, एकाच नंबरचे, म्हणून गाडी चालू झाली होती. मागची सीट उचलली तर टाकीवरच्या, पंप काढायच्या झाकणावर वर्षानुवर्षांची धूळ, स्क्रूला हातसुद्धा लागलेला नाही. नवा रिले 220, मजुरी 150.

तुमची गाडी अशी बंद पडली तर चावी नुसती ऑन करा, स्टार्टर मारू नका. मागून दोन-तीन सेकंद पंपाचा घूं आवाज यायला हवा. नाही आला तर आधी फ्यूज बघा, कोणता कशाचा याचा नकाशा बहुतेक फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतच असतो. 15 अँपिअरचा निळा, 20 चा पिवळा. उडालेल्याच्या जागी मोठा घालू नका, वायरिंग जळेल. मग त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा. टिक वाजला म्हणजे रिले चांगला, असं अजिबात नाही. माझा टिक वाजत होता, करंट पुढे जात नव्हता.

चौकीत सांगितलं, दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा. ग्राहक हेल्पलाइनवाले म्हणाले, बिल अपलोड करा. अहो, बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ते माझ्याकडेच मागतात? यूपीआयची नोंद दाखवली तर त्यावर पंप कुठे लिहिलाय, असा प्रश्न. परिवहन कार्यालय म्हणतं गॅरेज आमच्याकडे येत नाही. मग येतं कोणाकडे?

आता जिल्हा आयोगात जातोय. टाकीच्या झाकणाचे फोटो, जळका रिले आणि इलेक्ट्रिशियनचं 370 चं बिल जोडलंय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षं. त्या रस्त्यावर ज्यांचा पंप असाच बदलून मिळालाय, त्यांनी आजच मागची सीट उचलून बघा आणि कशाला हात लावण्याआधी फोटो काढा.