आठ महिने, एक अंगठा, हजार सुऱ्या : 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' वापरून

फेब्रुवारीत भाच्याने फोनमध्ये घालून दिला तेव्हा हा गेम दोन दिवसांत उडवणार होतो. दिसायला अगदी आमच्या लहानपणीच्या पिवळ्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमसारखा. आठ महिने झाले, अजून आहे. बँकेचं ॲपसुद्धा एवढ्या वेळा उघडलं नसेल.

आधी कामाचं. फोनवर फुकट आहे, नेट लागत नाही, आणि एका अंगठ्याने खेळता येतो. बोरिवलीहून चढल्यावर दुसरा हात हँडलला असतो, त्यामुळे ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मेल्यावर जाहिरात बघितली तर परत जिवंत करतात, पण जबरदस्ती नाही. मी अजून एक रुपया घातलेला नाही. लुका गलांते या माणसाने २०२१च्या डिसेंबरात तो अर्धाकच्चा स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, टाकला आणि २०२३ साली त्याला ब्रिटनच्या बाफ्टाचं सर्वोत्कृष्ट गेमचं पारितोषिक मिळालं. एवढं पुरे.

खेळ असा, की तुम्ही फक्त चालायचं. मारामारी शस्त्रं आपली आपण करतात. वटवाघळं, सांगाडे चारी बाजूंनी अंगावर येतात आणि तुमच्याकडून सुऱ्या, कुऱ्हाडी, आगीचे गोळे सुटत राहतात. दूरदर्शनवरच्या युद्धात एका बाणाचे दहा बाण व्हायचे ना, तसंच, फक्त मध्ये मंत्र म्हणायला थांबायचं नाही.

सुरुवातीला मी इमेल्दा हे पात्र घेऊन खेळायचो. तिची जादूची कांडी जवळचा शत्रू स्वतः शोधते, डोकं चालवायला नको. मग जेनारो घेतला आणि खरा खेळ कळला. त्याची सुरी तुमचं तोंड जिकडे, तिकडेच जाते. म्हणजे पळताना तुम्ही पाठ केलीत की सुऱ्याही पुढच्या मोकळ्या मैदानात, आणि मागचे सांगाडे सुखरूप. पहिला आठवडा चौथ्या-पाचव्या मिनिटाला मरत होतो. मग अंगठ्याला सवय लागली: चार पावलं पळायचं, सुरी सुटायच्या क्षणी गर्रकन वळायचं, सुटली की परत पळायचं. सगळी गंमत त्या दोन फेकींच्या मधल्या क्षणात आहे. तिथेच तुम्ही मरता, तिथेच वाचता.

हे काही नवीन नाही म्हणा. १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये आपली एकच गोळी पडद्यावर असू शकायची. नेम चुकला की ती वर जाऊन नाहीशी होईपर्यंत हात चोळत बसायचं. 'कॉन्ट्रा'त एसवाली बंदूक मिळाली की पाच गोळ्या पंख्यासारख्या पसरायच्या, आणि ती गेली की चाळीतली सगळी पोरं एकदम "अरेरे" म्हणायची.

भाच्याशी माझा वाद याच मुद्द्यावर. तो 'फेट' या जपानी ॲनिमेचा भक्त. "मामा, तुझ्या सुऱ्या काय घेऊन बसलास! गिल्गमेश बघ, मागे सोनेरी दारं उघडतात आणि शेकडो शस्त्रं बरसतात." मी म्हटलं, अरे, तुझ्याच गोष्टीत तो नायकाकडून, शिरोकडून, हरतो ना? का हरतो? गिल्गमेशला दर वेळी दार उघडून शस्त्र बाहेर काढावं लागतं, शिरोच्या नकली तलवारी मात्र आधीच रोवून तयार असतात. कोठार कितीही मोठं असो, फट राहिली की समोरचा आत शिरला. यावर भाचा म्हणाला, "तू ॲनिमे कधीपासून बघायला लागलास?" म्हणजे मुद्दा पटला.

आता गेममध्ये ही फट बुजवायचीच सोय आहे. खेळताना मिळणारं 'एम्प्टी टोम' हे पुस्तक घेतलंत तर दर पायरीला ८ टक्के, अशा पाच पायऱ्यांत दोन फेकींमध्ये थांबण्याचा वेळ ४० टक्के कमी होतो. 'ड्युप्लिकेटर'ने फेकीत एक-एक नग वाढतो, तोही दोनदाच. (लसणाला मात्र तो लागू पडत नाही. हो, लसूण हेही शस्त्र आहे. आमच्या आईला ते फार आवडलं.) सुरी आठव्या पायरीवर नेली, सोबत 'ब्रेसर' हा मनगटपट्टा असला आणि दहा मिनिटांनंतर एखाद्या दांडग्या शत्रूची पेटी मिळाली, की सुरीची 'थाउजंड एज' होते. मग मध्ये थांबणं नाहीच. नळ फुटल्यासारख्या सुऱ्या.

पहिल्यांदा झाली तेव्हा मालाडला मी मोठ्याने "आई शप्पथ" म्हणालो आणि शेजारच्या काकांनी पेपरातून मान वर केली.

तक्रार इथेच आहे. हे एवढं सगळं जमलं की खेळायला काही उरत नाही. विसाव्या मिनिटानंतर पडदा नुसता चकाकतो, आपण कुठे आहोत तेही दिसत नाही, आणि तरीही आपण मरत नाही. माझा तीन वर्षं जुना फोन तेव्हा इस्त्रीसारखा तापतो आणि अडखळायला लागतो. सेटिंगमध्ये जाऊन नुकसानीचे आकडे आणि चमचमाट बंद केला, तेव्हा जरा बरं झालं. डोळ्यांनाही.

त्यामुळे गेले दोन महिने मी ब्रेसर घेतच नाही. समोर आला तरी दुसरं काहीतरी उचलतो. सुरी आठव्या पायरीवर ठेवायची, फट तशीच राहू द्यायची. भाच्याच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे. पण तिसाव्या मिनिटाला खेळ संपवायला यमदूत येईपर्यंत हात घामेजलेला राहतो, ते मला हवं असतं. फास्ट लोकलला दादरही साधारण तेव्हाच येतं. काल एकोणतिसाव्या मिनिटाला होतो, शेवटचा घोळका फोडत, आणि मागून खांद्यावर थाप पडली. "दादर उतरणार का?"

पॉज केला आणि दाराकडे सरकलो.