उसने मार्कर की नवे? उडीद आणि लाखोळीच्या निमित्ताने

नागपुरात कडधान्यांच्या आनुवंशिक विविधतेवर प्रबंध करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे पहिला व्यवहारी प्रश्न प्रायमरचा, म्हणजे डीएनएचा हवा तो भाग पकडून वाढवणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्यांचा असतो. जवळच्या पिकासाठी तयार झालेले एसएसआर मार्कर (डीएनएतील छोट्या पुनरावृत्तींच्या लांबीवरून फरक दाखवणाऱ्या खुणा) उसने घ्यावेत, की आपल्याच पिकाचे सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएचा अक्षरक्रम वाचून, नवे एसएनपी (एकेका अक्षराचे फरक) शोधावेत? याचे उत्तर पिकागणिक बदलते.

उडदासाठी उसनवारी पुरते. मूग, उडीद आणि अझुकी ही तिन्ही पिके विग्ना या एकाच वंशातील (जीनसमधील) असून एकमेकांच्या फार जवळची आहेत, शिवाय मुगाचा जीनोम (संपूर्ण डीएनए-क्रम) 2014 मध्ये प्रसिद्ध झाल्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे. या तिघांप्रमाणे तुरीतही गुणसूत्रांच्या 11 जोड्याच आहेत, पण आकडा जुळला म्हणून प्रायमर जुळतील असे मानू नये. सोयाबीनचे मार्कर तर मी शेवटी ठेवीन, कारण जीनोमच्या जुन्या दुपटीमुळे त्याच्या एकाच प्रायमरशी दोन-दोन जागा जुळू शकतात.

मौदा, कुहीकडे धानाच्या बांधीत घेतल्या जाणाऱ्या लाखोळीचे गणित अवघड आहे. वाटाणा आणि मसूर हे तिचे जवळचे नातलग, तिघांतही 7 जोड्या. जनुकांमधील, म्हणजे ईएसटीवरून (व्यक्त होणाऱ्या जनुकांच्या वाचलेल्या तुकड्यांवरून) काढलेले एसएसआर तिच्यात बऱ्यापैकी चालतात, मात्र ज्या स्थैर्यामुळे ते चालतात त्याच स्थैर्यामुळे त्यांत वाणावाणांतील फरक कमी दिसतो. जनुकांबाहेरील एसएसआर फरक दाखवतात, पण दुसऱ्या पिकात अनेकदा उमटतच नाहीत. ॲनीलिंगचे (प्रायमर डीएनएला चिकटण्याचे) तापमान दोन-तीन अंशांनी उतरवले की जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) पट्टा येतो आणि आपण हुरळतो. पण सगळ्या नमुन्यांत तो एकाच उंचीवर असेल तर विविधतेच्या मोजणीत त्याचा उपयोग शून्य. कधी प्रायमरच्या जागा शाबूत असतात आणि मधली पुनरावृत्तीच तुटलेली असते, म्हणून निदान काही पट्टे सिक्वेन्स करून पाहावेत.

तीस-चाळीस वाणांची ओळख पटवायची असेल, तर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारे) यंत्र आणि जेलवर भागते. लाखोळीतही मी ईएसटी-एसएसआरच घेईन. ओडीएपी या विषारी घटकाचे प्रमाण ठरवणाऱ्या जागांचा नकाशा काढायचा असेल, तर मात्र मार्कर शेकड्यांनी लागतात, आणि तेथे सिक्वेन्सिंगवर आधारित एसएनपीला पर्याय नाही. अर्थात आलेली माहिती हाताळणारा माणूस आधी शोधावा.

उसने प्रायमर एकदम शंभर मागवू नयेत. वीसेक मागवून चार-पाच भिन्न वाणांवर तपासावेत आणि सोबत मूळ पिकाचा डीएनए अवश्य लावावा. त्यातही पट्टा आला नाही, तर दोष नात्याचा नसून प्रयोगाचा आहे हे त्याच दिवशी कळते.