सॉलिड सरफेसचा ओटा, दीड वर्षानंतर: माल टिकला, कोपरा फाटला

मे महिन्यात आमच्या सॉलिड सरफेसच्या, म्हणजे कृत्रिम दगडाच्या, ओट्यात बसवलेल्या हॉबच्या (शेगडीच्या) मागच्या कोपऱ्यातून भेग निघाली आणि डीलरशी माझं वाजलं. त्याचं एकच पालुपद: "मॅडम, तुम्ही गरम कढई ठेवली असेल." अहो, भिंत अन् हॉबच्या मधल्या चार बोटांत कढई मावते तरी का?

शेवटी इथल्या, नागपुरातल्या लकडगंजातल्या एका सुतारभाऊंना बोलावलं. हॉब उचलून बघताच म्हणाले, "ताई, हे दगडवाल्याचं काम दिसते." खरंच होतं. डीलरने ग्रॅनाइट बसवणारी माणसं पाठवली होती आणि त्यांनी मार्बल कटर फिरवून काटकोनात भोक पाडलं होतं. हा माल अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिना ट्रायहायड्रेट नावाच्या खनिज पुडीचा. गरम झाला की पसरतो, गार झाला की आकसतो. टोकदार कोपऱ्यात सगळा ताण एकवटतो आणि तिथूनच तडकतो. म्हणून कट-आउट (हॉबसाठीचं भोक) राउटरने, म्हणजे सुताराच्या कोरायच्या मशीनने, घ्यायचा, कोपरे गोल ठेवायचे, कडा सँडपेपरने घासायच्या, हॉबभोवती अ‍ॅल्युमिनियम टेप लावायची, भिंतीशी थोडी फट सोडायची. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या गावात धंदा करणाऱ्याला हे माहीत नसावं?

तेव्हा ओटा उखडून काळा ग्रॅनाइट टाकायचं ठरलंच होतं. पण भाऊंनी भेगेचा भाग कापून त्याच रंगाचा तुकडा अ‍ॅक्रिलिक ग्लूने जोडला आणि घासून सपाट केला. (ओटा बसवताना कापून उरलेला तुकडा मी माळ्यावर ठेवला होता. घरात सगळे हसले होते.) आता जोड हाताला लागत नाही. ग्रॅनाइटमध्ये हे होत नाही, म्हणून बेत रद्द.

बाकी कुरकुर फारशी नाही. सावजी रश्श्याचा, हळदीचा डाग लगेच पुसला तर जातो. राहिलाच तर खाण्याच्या सोड्याने. ओरखड्यांवर स्कॉचब्राइट गोल गोल फिरवते, मॅट फिनिश असल्याने खपून जातं. चकचकीत किंवा गडद रंग मात्र घेऊ नका, प्रत्येक रेघ दिसते. बोअरचं पाणी वाळू दिलं की पांढुरका थर बसतो. कढईखाली स्टँड हवाच.

कोटेशनवर "राउटरने, गोल कोपरे" हे लिहून सही घ्या, उरलेला तुकडाही मागून घ्या. दुरुस्तीचं बिल डीलरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय. निळ्या टिका आल्यात, पैसे नाही.