एक हिवाळा काढलेली लाकडी ढाबळ: जमेच्या आणि खटकलेल्या बाजू

थंडी सुरू होण्याआधी कबुतरांसाठी ही आठ खणांची तयार ढाबळ घेतली. आत सहा जोड्या आहेत: चार साध्या, दोन लक्क्यांच्या, म्हणजे पंख्यासारखी पसरट शेपटी असलेल्या कबुतरांच्या. हिवाळा सरला, एकही पाखरू गेलं नाही. मात्र त्याचं श्रेय ढाबळीला जेवढं, तेवढंच तिच्यात केलेल्या फेरफारांना.

आधी जमेची बाजू. सहा जोड्यांना आठ खण हे प्रमाण उत्तम. जोड्यांइतकेच खण ठेवले तर नर एकमेकांना जगू देत नाहीत. इथेही एका दांडगट नराने शेजारशेजारचे दोन खण बळकावलेच. मान फुगवून घुमत उंबऱ्यावर गोल गोल फिरायचा आणि कोणी जवळ आलं की पंखाचा असा फटका, की आवाज बाहेर ऐकू यावा. पण एक खण जास्तीचा उरतोच, त्यामुळे हुसकावलेल्या जोडीला जागा मिळाली आणि दोन-तीन आठवड्यांत भांडणं निवली.

बसायच्या दांड्या मात्र गोल, बारीक दिल्या आहेत. कबुतर हे पोपटासारखं फांदी घट्ट धरून बसणारं पाखरू नव्हे, त्याला सपाट जागा लागते. सपाट फळीवर ते पोट टेकून बसतं आणि पायाची बोटं पिसांखाली झाकली जातात; थंडीत हे फार महत्त्वाचं. दांड्या काढून तीन-एक इंच रुंदीच्या पट्ट्या ठोकल्या, एकीखाली एक न येता, म्हणजे वरच्याची शीट खालच्याच्या पाठीवर पडत नाही.

आता खरा मुद्दा, उबेचा. सोबतच्या पत्रकात लिहिलंय की थंडीत सगळी झडपं बंद ठेवा. तसं ठेवलं, तर सकाळी छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि दार उघडताच अमोनियाचा भपकारा आला. एका मादीच्या डोळ्यांतून पाणीही येऊ लागलं. कबुतराच्या शरीराचं तापमान ४१-४२ अंश सेल्सिअस असतं. पिसं फुलवून ते त्यात हवा कोंडतं आणि कोरड्या, वाऱ्याच्या आडोशाच्या जागी धडधाकट मोठं पाखरू चांगलीच थंडी काढतं. त्याला खचवते ती ओल आणि अंगावर येणारा झोत. या ढाबळीत झडपं नेमकी बसायच्या उंचीवर आहेत, म्हणजे उघडली तर झोत, मिटली तर ओल! शेवटी ती प्लायने कायमची बंद केली आणि छताच्या उताराखाली, पाखरांच्या डोक्यांच्या वर, जाळी लावलेली लांब फट पाडली. थेंब आणि वास दोन्ही गेले, मादीचे डोळेही निवळले.

सोबत आलेली विजेची तापपट्टी मी लावलीच नाही. कबुतरांच्या पिसांची भुकटी सगळीकडे बसते, खाली भुसा, त्यात तापलेली वस्तू नको. (त्याच भुकटीपायी ढाबळ झाडताना तोंडाला मास्क हवाच, वर्षानुवर्षं ती श्वासातून गेली की फुप्फुसांना कायमचा त्रास जडू शकतो.)

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मधला काढता-घालता येणारा पडदा. ऐन थंडीत नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. अंडी साधारण १७-१८ दिवस आळीपाळीने उबवली जातात, तिथवर अडचण नसते. पुढे पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की आईबाप रात्री अंगाखाली घेणं कमी करतात, पिसं अजून पुरती आलेली नसतात आणि तेव्हाच ती गारठतात. त्यापेक्षा त्या काळात वीणच नको.

दाण्यात मका वाढवला आणि मुख्य खाणं संध्याकाळी ठेवलं, रात्र लांब असते म्हणून. ढाबळीबरोबरचं पाण्याचं भांडं अगदीच उथळ. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून पितं, त्याला इंचभर तरी खोली हवी. ते बदललं, सकाळी कोमट पाणी देतो.

लक्के असतील तर खणाची रुंदी आधी मोजून घ्या. माझ्या दोन्ही जोड्यांच्या शेपट्या बाजूच्या फळ्यांना घासून टोकाला झिजल्या, म्हणून दोन खणांमधली फळी काढून त्यांना एकेक दुहेरी खण करून दिला. आता ढाबळ सहा घरांची झाली, त्यामुळे आणखी जोडी आणायचा विचार सोडून दिलाय.