वायफायचा कंट्रोलर सर्व्हर रूममध्ये ठेवायचा की क्लाउडवर? घेण्याआधी हे बघा

पन्नास-शंभर एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारे डबे) लावायचे असले की ते सगळे एका जागेवरून सांभाळणारा कंट्रोलर लागतो, आणि वेंडर पहिल्यांदा फीचरची यादी पुढे ठेवतो. ती बाजूला ठेवा, कारण रोमिंग (फिरताना एका एपीवरून दुसऱ्यावर जाणं), गेस्ट पोर्टल (पाहुण्यांसाठीचं लॉगिन पान), डब्ल्यूपीए३ (वायफायची सुरक्षा पद्धत) हे आता बहुतेक सगळ्यांकडे असतं. खरा फरक कळतो तो एखादी गोष्ट बंद पडल्यावर, तेव्हा स्क्रीनसमोर कोण बसणार आणि त्याला काय दिसणार हे आधी ठरवा.

स्वतःचा कंट्रोलर म्हणजे उदाहरणार्थ सिस्को कॅटॅलिस्ट ९८००. लोकल मोडमध्ये एपी कंट्रोलरपर्यंत कॅपवॅप टनेल (दोघांमधला बंदिस्त मार्ग) टाकतो, कंट्रोल यूडीपी पोर्ट ५२४६ वर आणि डेटा ५२४७ वर, म्हणजे युजरचा सगळा ट्रॅफिक आधी कंट्रोलरकडे येतो. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग), फायरवॉल एका जागी सांभाळता येतं, पण कंट्रोलर गेला की वायफायही गेलं, त्यामुळे दोन कंट्रोलरची जोडी घ्यावीच लागते आणि कोटेशनमध्ये ती आहे का बघा. लांबच्या ब्रँचला फ्लेक्सकनेक्ट हा दुसरा मोड लावला तर ट्रॅफिक तिथल्याच स्विचवर उतरवता येतो.

इथला नेहमीचा त्रास म्हणजे एपी कंट्रोलरला जॉइनच होत नाही. आधी स्विच पोर्टवर पॉवर पुरेशी मिळतेय का बघा (नवीन एपीला १५.४ वॉटचा जुना पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच मिळणारी वीज, बऱ्याचदा कमी पडतो), मग डीएचसीपीने (पत्ते वाटणारी सेवा) आयपी दिला का, त्याच्याच ऑप्शन ४३ या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा पत्ता बरोबर आहे का, मधल्या फायरवॉलने ५२४६ अडवलाय का. हे सगळं ठीक असूनही जॉइन होत नसेल तर कंट्रोलरचं घड्याळ बघा, तारीख चुकली की ओळख पटवणारं सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि एपी बाहेरच राहतो. अगदी जुन्या एपीचं तर मूळ सर्टिफिकेटच संपलेलं असू शकतं. क्लायंटची (फोन, लॅपटॉप) तक्रार असेल तर त्याचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) ९८०० च्या रेडिओअ‍ॅक्टिव्ह ट्रेस या लॉगमध्ये टाका, लॉगिन नेमकं कुठल्या पायरीवर अडकलं ते ओळीओळीने दिसतं. मला ९८०० आवडतो तो मुख्यतः यासाठीच, पण त्या ओळी वाचता येणारा माणूस हवा!

क्लाउडवाले म्हणजे मेराकी (सिस्कोने २०१२ मध्ये घेतलं) किंवा मिस्ट (ज्युनिपरने २०१९ मध्ये). इथे साधारणपणे युजरचा डेटा क्लाउडवर जात नाही, तो जागच्या स्विचवरच उतरतो, वर जातं ते फक्त मॅनेजमेंट. इंटरनेट गेलं तरी एपी शेवटच्या कॉन्फिगवर चालत राहतात, तुम्हाला मात्र डॅशबोर्डवर काही दिसत नाही आणि काही बदलताही येत नाही. आणि रेडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा) हेड ऑफिसला असेल तर लिंक गेल्यावर नवीन लॉगिन अडकतात, तो दोष क्लाउडचा नाही. घरी बसून दुसऱ्या शहरातल्या एपीवर पॅकेट कॅप्चर (जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाची नोंद) घेता येतं ही मोठी सोय, मिस्ट तर फसलेल्या कनेक्शनचं कॅप्चर आपणहून ठेवतो. धोका लायसन्सचा. मेराकीच्या को-टर्म लायसन्समध्ये (सगळ्या उपकरणांची मुदत एकाच तारखेला) मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते, त्यानंतर नेटवर्क बंद. रिन्यूअलची फाइल महिनोन् महिने टेबलावर पडून राहते अशा संस्थेत हे घेताना दहादा विचार करा.

तिसरा पर्याय युबिक्विटीचं युनिफाय. त्याला एपीमागे लायसन्स नाही, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर चालतं. ते बंद असलं तरी वायफाय चालतं, गेस्ट पोर्टल मात्र थांबतं. कंट्रोलरचा आयपी बदलला की एपी हरवल्यासारखे दिसतात, मग एसएसएचने (दुरून कमांड देण्याची सोय) एपीवर जाऊन सेट-इन्फॉर्म या कमांडने नवा पत्ता द्यायचा. खोलात शिरून बघायला वरच्या दोघांपेक्षा कमी मिळतं.

माझं मत स्पष्ट आहे. हॉस्पिटल किंवा हँडहेल्ड स्कॅनर घेऊन माणसं दिवसभर फिरतात असं गोदाम, आणि पगारावर नेटवर्क इंजिनिअर, तर स्वतःची जोडी घ्या. वीस ब्रँच आणि आयटीला दोनच माणसं, तर क्लाउड. शाळा, लहान हॉटेल, तर युनिफाय पुरतं.

पैसे देण्याआधी दोन एपी डेमोला मागवा. वेंडरसमोर इंटरनेटची वायर काढा, मग रेडियस बंद करा, मग एपीला मुद्दाम चुकीचा व्हीलॅन द्या, आणि प्रत्येक वेळी त्याच्या स्क्रीनवर नेमकं कारण यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा.